आमची वाकळ आणि त्यांची गोधडी

मराठी ललित गद्यात गोधडी हा हमखास ऊब देणारा विषय आहे. आजीचे जुने लुगडे, टाक्याटाक्यात भरलेली माया, पावसाळी रात्र आणि विरलेल्या कापडाचा वास असे त्या लेखनाचे साहित्य ठरून गेले आहे. दिवाळी अंकांतून ही गोधडी वर्षानुवर्षे अंथरली जात आहे. त्या मायेविषयी शंका घेण्याचा माझा हेतू नाही. परंतु एक साधा प्रश्न या लेखनात कोणी विचारलेला मला आढळला नाही. ते जुने लुगडे आले कोठून? ज्या घरातील बाईजवळ एक लुगडे अंगावर आणि दुसरे दांडीवर एवढीच संपत्ती आहे, तिचे लुगडे 'जुने' होऊन गोधडीसाठी मोकळे होते तरी केव्हा? आमच्याकडे लुगडे फाटले की त्याची दोन जुनेरी होत, जुनेर फाटले की लेकराचे धडपे होई, आणि धडपे फाटले की त्याचे चुलीवरून भांडे उतरवण्याचे फडके होई. गोधडीसाठी कापड शिल्लक राहावे लागते. आणि शिल्लक हा मायेचा शब्द नव्हे, तो अर्थशास्त्राचा शब्द आहे.

मी इतिहास शिकवते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, शिलालेख, बखरी, पेशवे दफ्तर यांची यादी दर जून महिन्यात फळ्यावर लिहिताना मला नेहमी वाटत आले आहे की, माझ्या स्वतःच्या घराण्याचे एकमेव दप्तर माझ्या आजीने शिवले आणि ते आम्ही अंगावर घेऊन झोपलो. ते वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. तिचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. तिकडे गोधडी म्हणत नाहीत, वाकळ म्हणतात. मुंबईला आल्यावरही ट्रॉम्ब्याच्या वस्तीत ती वाकळच म्हणत राहिली. गोधडी हा शब्द मी शाळेत ऐकला आणि बराच काळ मला ती वेगळीच काहीतरी वस्तू वाटत होती. आता वाटते की ते तितकेसे चूकही नव्हते.

कापडाचा आणि जातीचा संबंध शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय ल्यावे, कशात खावे, अंगावर कसले दागिने घालावेत याचे नियम आहेत. त्यात त्याची वस्त्रे म्हणजे मृतांच्या अंगावरची वस्त्रे असे स्पष्ट सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळण्यात आला तो हा. पुष्कळांना हे दहन प्रतीकात्मक वाटते. परंतु प्रेतावरचे कापड अंगावर घेऊन त्या परिषदेला आलेल्या माणसाला त्यात प्रतीक किती आणि रोजचा व्यवहार किती दिसला असेल याचा विचार करावा. गावगाड्यात प्रेतावरचे वस्त्र हा महाराचा 'हक्क' समजला जाई. हक्क या शब्दाची एवढी क्रूर थट्टा दुसऱ्या कोणत्या भाषेने केली असेल असे मला वाटत नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात हे सगळे नोंदवून ठेवले आहे. पुस्तकरूपाने ते १९८६ मध्ये आले. महारणीने लुगडे नेसताना त्याचे काठ निऱ्यांत लपवावेत, काठ दिसू देण्याचा मान वरच्यांचा, हा नियमही त्यांनी सांगितला आहे. महाडच्या त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले आणि लुगडे कसे नेसावे, अंगावर काय घालू नये यावर बोलले. पायघोळ लुगडे नेसा, हे सांगणे हा काही वेशभूषेचा सल्ला नव्हता.

शिंप्याची गोष्ट आजी सांगे. गावचा शिंपी महारवाड्यातल्या माणसाचे माप टेपेने घेत नसे, दुरून नजरेने घेई. चोळी घट्ट झाली तरी बाईने बोलायचे नाही. शिवलेले कापड ओट्यावरून खाली टाकले जाई. "म्हून बायकास्नी सुई घ्यावी लागली हातात. हौस न्हवती," असे ती म्हणे. आमच्याकडील शिवणकलेचा उगम इतका सरळ आहे.

आता वाकळीकडे येतो. आजीचे लग्न धर्मांतरानंतर वर्षभरात झाले. ती पंधराएक वर्षांची होती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तिच्या सासरच्या वाड्याने येसकरकी नाकारली, मेलेली ढोरे ओढणे सोडले आणि प्रेतावरचे कापड घेणेही सोडले. कायद्याने वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. लोकांनी मात्र त्याआधीच मनातून वतन टाकले होते. हे सगळे आपण सभांतून ऐकतो. जे सभांतून ऐकायला मिळत नाही ते असे : नवे कापड घेणे सोडले, पण घरात ज्या जुन्या वाकळी होत्या त्यांचे काय? त्यांच्या आतल्या थरात तेच कापड होते. वरून जुनेर, आत कफन. वाड्यातल्या तरुणांचे म्हणणे पडले की, त्या जाळल्या पाहिजेत. म्हाताऱ्या बायकांचे म्हणणे पडले की, मार्गशीर्ष तोंडावर आला आहे, लेकरांवर काय घालायचे? माणदेशाची थंडी ज्याने पाहिली नाही त्याला हा वाद कळायचा नाही. माळरानावर रात्री वारा सुटला की कुडाच्या भिंती असून नसल्यासारख्या होतात.

आजीच्या सासूने काय केले? तिने आपली वाकळ उसवली. वरचे थर वेगळे काढले, आतले काढून जाळले, आणि उरलेल्यांची पुन्हा वाकळ शिवली. ती अर्थातच पातळ झाली. त्या हिवाळ्यात घरातली पोरे गोणपाटात शिरून झोपली. आजी नवी नवरी. तिच्या वाट्याला आलेले सासरचे पहिले मोठे काम म्हणजे हे उसवणे. स्वाभिमानाच्या लढ्याचा इतिहास लिहिताना आपण भाषणे नोंदवतो, ठराव नोंदवतो. एका वाकळीतून किती थर काढले आणि त्या वर्षी किती रात्री काकडत काढल्या हे कोणत्याही अहवालात नाही. ते फक्त उसवणाऱ्या बाईला माहीत असते.

पुढे ट्रॉम्ब्याच्या विहारात एका पौर्णिमेला भन्तेजींनी चीवराची कथा सांगितली. आरंभीचे भिक्खू स्मशानातून आणि उकिरड्यावरून चिंध्या गोळा करीत, धूत, रंगवीत आणि जोडून अंगावर घेत. त्याला पांसुकूल म्हणतात. मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तशा आखणीचे चीवर करायला सांगितले आणि आनंदाने ते केले, अशी कथा विनयपिटकात आहे. बौद्ध परंपरेतले हे शिवणकाम मला फार मोलाचे वाटते. जगातल्या किती धर्मांच्या ग्रंथांत कापड कसे जोडावे याचा विचार आला असेल! मी उत्साहाने आजीला म्हटले, "बघ, बुद्धाच्या संघातही वाकळच होती." ती म्हणाली, "त्यांनी उचललं ते आपल्या मनानं. आमच्या अंगावर टाकलं व्हतं." त्याग आणि लादलेली वंचना यांतला फरक सांगण्यासाठी मी वर्गात पाऊण तास घेते. संत गाडगेबाबांनाही (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत. त्यांनीही ठिगळांचे वस्त्र स्वतः होऊन पत्करले होते. पत्करता येणे हेच मुळी स्वातंत्र्य आहे.

मुंबईने कापडाचे हे गणित बदलले असे मानण्याची पद्धत आहे. ते अर्धे खरे आहे. १८५० च्या दशकात येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि कोकणातून, देशावरून आमची माणसे गिरणीत शिरली. पण गिरणीच्या दारातून जात बाहेर राहिली नाही. विणाई खात्यात दलित कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातली कांडी संपली की नवा दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमच्या तोंडाचा उष्टा दोरा इतरांना चालत नसे. साच्यावर मजुरी अधिक आणि आमच्या वाट्याला रिंग खाते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. म्हणजे परिस्थिती अशी की, गावात आम्ही प्रेतावरचे कापड घालावे आणि शहरात आम्ही सूत कातावे, पण त्या सुताचे कापड विणू नये. कोरे कापड करण्याचा मान आमचा नव्हता. दुसऱ्याने वापरून टाकलेल्याला जोडण्याचे काम तेवढे आमचे. ज्या बायका गिरण्यांत होत्या त्या रीळिंग आणि वाइंडिंगमध्ये, नगावर मजुरी घेऊन. यंत्रे आली आणि त्याही हळूहळू बाहेर फेकल्या गेल्या.

आजी-आजोबा मुंबईला आले ते १९७२ च्या दुष्काळात. गिरणगावात त्यांना कोणी नव्हते, ट्रॉम्ब्याला एक चुलत दीर होता म्हणून ते जनता कॉलनीत आले. ट्रॉम्ब्याचा थोडा इतिहास येथे सांगितला पाहिजे, कारण शहराच्या इतिहासात तो क्वचित येतो. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी, माणसे त्यावरून १९२४ पासून जाऊ लागली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. शहराचा कचरा आणि शहराला नको असलेली माणसे एकाच दिशेने पाठवली गेली हे केवळ योगायोगाने घडत नसते. मग १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, औष्णिक वीजकेंद्र आले, १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्था आली (१९६७ पासून तिला भाभांचे नाव आहे), १९६५ मध्ये खताचा कारखाना. खाडीकाठी पूर्वीपासून कोळीवाडा होताच. जनता कॉलनी ही शहरातून हलवलेल्या गरिबांची वस्ती. सरकारी यंत्रणेनेच तेथे आणून वसवलेली. पुढे ती जमीन अणुसंशोधन केंद्राला हवी झाली. जोकिन अर्पुथम या तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने वस्तीने अनेक वर्षे झुंज दिली, न्यायालयात गेली, दिल्लीला गेली. आणीबाणीत, १७ मे १९७६ रोजी, सुमारे ७० हजार लोकांची ती वस्ती उठवून खाडीलगतच्या सखल जमिनीवर, आजच्या चिता कॅम्पमध्ये नेण्यात आली.

त्या दिवसाविषयी आजीला विचारले की ती पोलिसांचे किंवा ट्रकचे वर्णन करीत नसे. ती म्हणे, घरात चार वाकळी होत्या. एकीत भांडी बांधली, एकीत कपडे आणि कागद, एकीत ज्वारी, आणि चौथीत माझा धाकटा मामा गुंडाळला. चार गाठोडी म्हणजे एक घर. नव्या जागी दहा बाय पंधरा फुटांची आखलेली जमीन मिळाली, तिच्यावर पहिल्या रात्री दोन बांबू आणि एक वाकळ म्हणजे भिंत, दुसरी वाकळ म्हणजे अंथरूण. पावसाळ्याला तीन आठवडे राहिले होते. ओली वाकळ किती जड होते ते ज्याने पिळली आहे त्यालाच ठाऊक. त्या पावसाळ्यात वाकळी वाळल्याच नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपली म्हण सांगते. ही म्हण ज्याला स्वतःचे एकट्याचे अंथरूण आहे अशा माणसाने केलेली दिसते. एका वाकळीवर पाच जण निजतात तेव्हा पाय पसरणे हा सामुदायिक प्रश्न असतो.

चिता कॅम्पमधल्या वाकळींत कापड बदलले. हे बदललेले कापड हा माझ्या मते फार महत्त्वाचा पुरावा आहे. आजी आणि माझी मोठी मावशी आसपासच्या वसाहतींत धुण्याभांड्याला जात. त्या वसाहतींत देशभरातून नोकरीला आलेली कुटुंबे. दिवाळीला, कधी बदली झाली म्हणून, कधी घरातली म्हातारी वारली म्हणून जुन्या साड्या मिळत. त्यामुळे माणदेशी बाईने शिवलेल्या वाकळीत बंगालची तांताची साडी आली, तामिळनाडूची चौकड्यांची सुती साडी आली, केरळची जरीकाठी मुंडू आली. आमच्या शेजारी तमिळ कुटुंब, पलीकडे उत्तरेकडची मुसलमान कुटुंबे, त्यांच्याकडून कातरणीतले तुकडे येत. आजोबांचा कारखान्यातला खाकी गणवेश आतल्या थरात असे, त्याच्या खिशाची शिवण हाताला लागे. मावशी कोणत्या घरी किती वर्षे होती हे मी त्या वाकळीवरून सांगू शकते. भारताची एकात्मता आमच्याकडे अशी धुण्याभांड्याच्या वाटेने आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'म्हातारी वारली म्हणून' मिळालेली साडी आजी घेत नसे. ती काही बोलत नसे, फक्त "नको बाई, हाय मला," म्हणे. देणाऱ्या बाईला ती सभ्यता वाटत असावी.

मी शिवायला शिकले ते कोणी शिकवायचे ठरवले म्हणून नव्हे. आजीची नजर अधू झाली होती आणि तिला सुईत दोरा ओवून देणारे डोळे हवे होते. मी सात-आठ वर्षांची असेन. दोरा हातभर घ्यायचा, त्याहून लांब घेतला तर गुंता होतो. टोक दातांनी तोडायचे नाही, पत्तीने कापायचे. पुढची पायरी उसवण्याची. जुन्या वाकळीचे टाके न तुटता काढायचे, दोरा काडेपेटीवर गुंडाळून ठेवायचा, कारण तो पुन्हा आतल्या टाक्यांना चालतो. त्यानंतर कापड ओळखणे. कापड दोन्ही हातांनी ताणून झटका द्यायचा. जिवंत कापड ठण्ण वाजते, मेलेले आवाज न करता ओघळते. मेलेले मधल्या थरात, जिवंत वर आणि खाली. नायलॉन आणि टेरिकॉट यांचा ती तिरस्कार करी. घाम शोषत नाही, सुई सरकत नाही, आणि ठिणगी पडली तर अंगाला चिकटते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, सुती लुगडी महाग झाली आणि तिच्या वाकळींचा पोतच बदलला. गिरणीसंपाचा परिणाम मोजण्याची ही एक पट्टी आहे, अर्थशास्त्रज्ञांनी ती वापरलेली नाही.

शिवण्याचा हंगाम एप्रिल-मे. घरात वाकळ पसरली तर पाय ठेवायला जागा उरत नसे, म्हणून दुपारी गल्लीत पसरायची. चार कोपऱ्यांवर दगड, मधे वरवंटा. आधी मोठे कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे. मग कड दुमडून बाहेरून आत यायचे, चौकोनात चौकोन. कड आधी बांधली की आतल्या चिंध्या पळत नाहीत. मात्र कापडाची ढिलाई मधे गोळा होत जाते, म्हणून डाव्या हाताने ती सारखी पुढे सारावी लागते. मधोमध फुगा आला तर पुन्हा उसवा. शिवणारी बाई वाकळीवरच बसते, तिच्या अंगाच्या वजनानेच कापड ताठ राहते. बोटाला टोपण नव्हते, सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. गाठ थरांच्या आत लपवायची, लेकराच्या अंगाला लागता कामा नये. "टाका दिसला पायजे, पर पाठीला लागला न्हाय पायजे." आजी माझा टाका डोळ्यांनी तपासत नसे, तळहात फिरवून तपासे. दोन वर्षांत तिने एकदाही बरे म्हटले नाही. एके दिवशी माझ्या टाक्यांवरून हात फिरवला आणि काही न बोलता दुसरा कोपरा माझ्याकडे सरकवला. तिला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत, पण वाकळ शिवताना ती गात नसे. टाके मोजण्यात ओवी मोडते, असे म्हणे. आपल्याकडच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी जिथे गाणे होते तिथला इतिहास जमा केला, हे चांगलेच झाले. पण बायकांची कितीतरी कामे मुकी असतात.

शाळेत शिवणकामाचा तास होता. तेथील बाईंनी माझा धावदोरा पाहून "हे असले गबाळ टाके घरी कोण शिकवतं?" असे विचारले. रुमालाच्या कडेला नाजूक हेमटाका घालायचा होता. तो मी शिकले. रुमाल अजून आहे, त्याला कोणी नाक पुसलेले नाही.

मशीन मला मामाने शिकवले, ज्याला वाकळीत गुंडाळून आणले होते त्याच मामाने. तो तेराव्या वर्षी धारावीच्या एका कारखान्यात दोरे कापणारा हेल्पर म्हणून लागला आणि पुढे सिंगल नीडल मशीनवर बसला. पीस रेट. आजारी पडला तर तो दिवस शून्य. त्याची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. मशीनला दोरा न लावता वहीचे रेघांचे पान सुईखाली धरायचे आणि पायटा मारत रेघेवरून न्यायचे. माझ्या पाचवीच्या इतिहासाच्या वहीची पाने अशी भोके पडलेली होती. मामाला वस्तीत सगळे 'मास्टर' म्हणत. आजीला कोणी काही म्हणत नसे. हाताच्या कामाला पैसा मिळाला की त्याला कारागिरी म्हणतात, न मिळाला की त्याला माया म्हणतात. ललित लेखकांच्या मायेविषयी मी सुरुवातीला जे बोलले त्याचे मूळ येथे आहे.

माझी आई मात्र या सगळ्याच्या विरोधात होती. आजीने सुई दिली, मामाने मशीन दिले आणि आईने दोन्ही काढून घेतले. मी आठवीत होते. ब्लाउज बेतायला शिकायची मला फार हौस होती. आई म्हणाली, "ब्लाउज यायला लागला की गल्लीभर बाया दारात उभ्या राहतील. मग तुला पुस्तक कोण उघडू देईल?" तिच्या बरोबरीच्या किती मुली दहावीत नापास झाल्या आणि शिवणक्लासच्या सर्टिफिकेटवर अडकून राहिल्या हे तिने पाहिले होते. आजही आमच्या वस्त्यांत महिला सक्षमीकरण म्हटले की पुढारी शिलाई मशीन वाटतो. हार, फोटो आणि मशीन. या वाटपाला एक जुनी परंपरा आहे. महर्षी शिंदे यांच्या १९०६ सालच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या शाळांत अक्षरओळखीबरोबर शिवणकाम आणि पुस्तकबांधणी यांसारखे उद्योग होते. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात गरजू स्त्रियांसाठी शिवणवर्ग होते. त्या काळात त्यांना मोल होतेच. जिथे शिंपी माप घेत नव्हता तिथे आमच्या मुलाने कात्री हातात घेणे हे बंडच होते. पण जे १९०६ साली बंड होते ते आज छप्पर होऊन बसले आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका जमल्या आणि त्यांनी घटस्फोटाच्या हक्कावर, बहुपत्नीत्वाविरुद्ध, गिरणी आणि विडी कामगार स्त्रियांच्या सवलतींवर ठराव केले. ऐंशी वर्षांनंतर त्यांच्या नाती-पणतींपुढे मशीन ठेवून फोटो काढला जातो, तेव्हा कोण पुढे गेले आणि कोण मागे आले?

तरीही आईचे आणि माझे या बाबतीत पूर्ण जमत नाही. आज ती म्हणते की, वाकळ ही गरिबीची खूण, ती गेली ते बरे झाले. ब्लँकेट धुवायला सोपे. तिचे म्हणणे खोडून काढावे असे मला वाटत नाही. ज्याने उकिरड्याचा वास सोसला त्याने अत्तराची बाजू घेतली तर आपण कोण बोलणार! पण ज्ञान टाकणे आणि गुलामी टाकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आजीच्या सासूने वाकळ उसवली, तिने सुई फेकली नाही. उर्मिला पवार यांनी 'आयदान' (२००३) या आत्मकथनाला आपल्या आईच्या बांबूकामाचे नाव दिले. त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक लिहिताना कागद नव्हते तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या दारात जाऊन विचारले. आमच्या पिढीला वाट तिथे सापडते.

दरम्यान गोधडीला बाजार आला आहे. शहरातल्या प्रदर्शनांतून ती 'हस्तकला' म्हणून हजारो रुपयांना विकली जाते, तिच्या चिठ्ठीवर निसर्ग असतो, परंपरा असते, शिवणारीची जात आणि मजुरी नसते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांची कहाणी या संदर्भात आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य अभ्यासावी. गुलामांच्या वंशातल्या त्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांची रजई शिवत. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून त्या भागातील काही कुटुंबांना कसत्या जमिनीवरून हुसकून लावले गेले. १९६६ मध्ये त्या परिसरात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. नागरी हक्काची चळवळ आणि शिवणकाम एकाच दारातून बाहेर पडले. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत त्यांच्या रजया भिंतीवर टांगल्या गेल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटे निघाली, आणि २००७ मध्ये त्यांतल्याच काही जणींना आपला वाटा मागण्यासाठी न्यायालयात जावे लागले. भिंतीवर टांगले जाणे आणि हिशेब मिळणे या वेगळ्या बाबी आहेत. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडून घेतले. तिकडच्या बायकांची ही संस्था तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेल्याचे मला दिसत नाही.

गेल्या दोन वर्षांपासून मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आपापल्या घरातील एका वाकळीची नोंद करायला सांगते. पाच रकाने आहेत : शिवली कोणी, कोणत्या वर्षी, थर किती, प्रत्येक थराचे कापड कोठून आले, आणि शिवणारीला ते कोणी शिकवले. मानखुर्द, गोवंडी, पायलीपाडा, चिता कॅम्प येथून नोंदी येतात. मुलांना आधी लाज वाटते. मुंबईच्या बोलीत 'चिंधी' ही शिवीच आहे, तेव्हा लाज वाटणारच. मग घरात विचारायला लागली की ती तासन् तास बसतात, कारण आजवर या बायकांना कोणी कापडाविषयी विचारलेले नसते. शेवटच्या रकान्यात बहुतेकदा आई नसते. सासू असते, जाऊ असते, कधी शेजारची परजातीची बाई असते. शिवण आडनावाप्रमाणे उतरत नाही, ती शेजाराने जाते.

एका विद्यार्थिनीने आपल्या पणजीच्या वाकळीची नोंद आणली. बीड जिल्ह्यातून १९७२ लाच आलेली, सहा थरांची. पाच थरांची माहिती व्यवस्थित लिहिलेली आहे. सहाव्याविषयी विचारल्यावर म्हातारी म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे." मुलीने पुन्हा विचारले नाही, तो रकाना कोरा सोडला आणि गुण जातील का म्हणून मला विचारायला आली. मी तो तसाच ठेवायला सांगितला आहे.